मुलीला जंत पडला, मे महिन्यातला तो खोकला त्याचाच होता का?

भांडुपची_आई
नमस्कार सगळ्यांना, हे कोणाला विचारावं तेच कळेना म्हणून इथे लिहितेय, जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा. माझी मुलगी साडेपाच वर्षांची, सिनियर केजीला आहे. गेल्या आठवड्यात तिला दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी संडासला बसली आणि एकदम किंचाळली की आई काहीतरी लटकतंय. जाऊन बघते तर अर्धा बाहेर आलेला जंत. टिशूने धरून हळूच काढला, माझे हात थरथरत होते आणि ती रडत होती. माझ्या वीतेएवढा लांब, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडा जाड, फिकट गुलाबीसर पांढरा आणि दोन्ही टोकं निमुळती. सगळे गांडुळासारखा म्हणतात पण गांडुळाच्या अंगावर कशा कड्या कड्या असतात तसं काही नव्हतं, एकदम गुळगुळीत, आणि हलत होता.

रिकामी लोणच्याची बाटली धुऊन त्यात घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं गोल जंत आहे, घाबरू नका. अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी चावून खायला दिली. त्यानंतर दोन दिवसांत अजून दोन पडले, ते मेलेले होते. आता ती ठीक आहे, खातेय पितेय.

पण मला झोप नाही. कारण मेमध्ये आम्ही पंचवीस दिवस गावाला होतो, संगमेश्वरजवळ, आणि परत आल्यावर चार-पाच दिवसांत तिला खोकला सुरू झाला. कोरडा, रात्री जास्त, छातीतून शिट्टीसारखा आवाज, अंगात कणकण. पाऊस पण सुरू झाला नव्हता तेव्हा. एका क्लिनिकमध्ये बालदम्याची सुरुवात म्हणाले, नेब्युलायझर दिला, मग दुसरं अँटिबायोटिक, एक्सरे पण काढला, त्यात थोडे डाग दिसले पण टीबी नाही म्हणाले. रक्त तपासलं त्यात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १९ टक्के आले होते, त्याला अ‍ॅलर्जी म्हणाले. तीनेक आठवड्यांनी खोकला आपोआप गेला. काल ती फाइल परत काढून बसले आणि कुठेतरी वाचलं की जंताच्या अळ्या फुप्फुसातून जातात, म्हणजे हे खरं असतं का? तेव्हाच कळायला हवं होतं का?

दुसरं म्हणजे बालवाडीत फेब्रुवारीला जंताची गोळी दिली होती, मी स्वतः डायरीत सही केली होती, मग परत कसे झाले? ऑगस्टची गोळी तापामुळे चुकली. सासूबाई म्हणतात गोड खाते म्हणून झाले, शेजारच्या वहिनी म्हणाल्या तुमच्याकडे स्वच्छता असते ना हो. ते ऐकून मला रडूच आलं, मी रोज दोन वेळा लादी पुसणारी बाई. आणि घरात सगळ्यांनी गोळी घ्यायची का? माझ्या जावेला दुसरा महिना आहे.

निवृत्त_लॅबवाला
ताई, पहिलं म्हणजे जंत बाटलीत घालून नेलात ते फार चांगलं केलंत. लोक घाबरून फ्लश करतात आणि मग आम्हाला नुसतं सांगतात, पांढरं काहीतरी होतं.

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी स्टूल म्हणजे शी तपासायच्या टेबलावर. एका काचेवर एका बाजूला सलाइनचा थेंब आणि एका बाजूला आयोडिनचा, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना घोळायचा आणि बघायचं. गोल जंताचं अंडं एकदा बघितलं की माणूस विसरत नाही, पित्ताने रंगून सोनेरी तपकिरी झालेलं, गोल, आणि वरून खडबडीत, डिट्टो सीताफळाची साल. ती खडबडीत साल चिकट असते, म्हणून अंडं नखात, भाजीवर, बोटांवर बसतं. एक मादी रोज दोन लाखांपर्यंत अंडी घालते, त्यामुळे एक मादी जरी पोटात असली तरी बहुतेक वेळा काचेवर अंडी सापडतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हो, अळी फुप्फुसातून जाते. अंडं तोंडावाटे पोटात गेलं की लहान आतड्यात फुटतं, त्यातून निघालेली अळी आतड्यात थांबतच नाही, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, रक्तातून लिव्हरला, तिथून हृदयातून फुप्फुसात. तिथे दहा ते चौदा दिवस वाढते, मग हवेच्या पिशव्या फोडून श्वासनळीतून वर वर सरकत घशाशी येते आणि आपण ती थुंकीबरोबर गिळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे जिथून निघाली तिथेच परत, लहान आतड्यात. आणि या खेपेला मुक्काम करते, मोठी होते, अंडी घालायला लागते. अंडं तोंडात गेल्यापासून इथवर यायला दोन ते तीन महिने. तुम्ही बोटावर मोजा, मेच्या मध्यात काही पोटात गेलं असेल तर मेअखेर खोकला आणि ऑगस्टमध्ये जंत, बरोबर बसतं.

हे कसं कळलं तेही सांगतो. १९२२ साली जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टरने स्वतः गोल जंताची दोन हजार अंडी गिळली. काही दिवसांत त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्याच्याच थुंकीत अळ्या सापडल्या. पुढे लोफलर नावाच्या डॉक्टरने असा येऊन जाऊन असणारा खोकला, एक्सरेतले आज इथे उद्या तिथे दिसणारे डाग आणि वाढलेले इओसिनोफिल यांचं वर्णन केलं, म्हणून त्याला लोफलर सिंड्रोम म्हणतात.

तेव्हाच कळायला हवं होतं का, याचं मला विचाराल तर नाही. त्या वेळी स्टूल तपासली असती तरी त्यात काही मिळालं नसतं, कारण अंडी घालणारी मादी आतड्यात अजून तयारच नव्हती. स्टूल नॉर्मल आणि अळ्या छातीत, ही या आजाराची सगळ्यात फसवी वेळ असते. त्यामुळे त्या डॉक्टरांनाही दोष देऊ नका आणि स्वतःला तर अजिबात देऊ नका.

गोवंडीकर_शबाना
ताई, तुमचं वाचून मला माझा मुलगा आठवला. तो तेव्हा सात वर्षांचा होता, त्याला उलटीतून पडला होता, तोंडातून, रात्री दोन वाजता, मी आजपर्यंत ते विसरले नाही. आणि आम्हाला तर गावच नाही, माझा जन्म पण इथलाच, त्यामुळे हे गावाकडूनच येतं असं कोणी म्हणू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक संडास आहे, जुलैत जोराचा पाऊस पडला की त्याची टाकी आणि गटार दोन्ही भरून वाहतात, ते पाणी समोरच्या मैदानात जातं, दोन दिवसांनी ऊन पडलं की तेच मैदान सुकतं आणि पोरं तिथेच गोट्या खेळतात, क्रिकेट खेळतात, चेंडू उचलून हात पँटला पुसतात आणि वडापाव खातात. मी किती ओरडणार?

माझ्या मुलाच्या शाळेत एका बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं याच्यापासून लांब बसा. पोरगं आठवडाभर शाळेत गेलं नाही. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं की शेजारी बसून हा जंत लागत नाही तर मी जाऊन भांडले असते. शेजारच्या वहिनींचं बोलणं मनावर घेऊ नका हो. घर आरशासारखं असलं तरी पोर खेळणार बाहेरच ना.

लालबागची_आजी
अगं पोरी, रडू नकोस. आमच्या चाळीत आमच्या लहानपणी जंत पडला नाही असं एक मूल नव्हतं. आई डिकेमाली उगाळून द्यायची, बाळांना वावडिंग घालून उकळलेलं पाणी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी एरंडेल, ते घेताना नाक दाबून आम्ही चाळभर पळायचो. मुलगा झोपेत दात खायला लागला की आजी म्हणायची जंत झालेत. माझ्या धाकट्या भावाचं पोट हे एवढं मोठं आणि हातापायाच्या काड्या, तो फार अशक्त होता, शेवटी त्याला केईएम हॉस्पिटलला नेला आणि तिथल्या औषधाने त्याचे जंत पडले तेव्हा कुठे त्याच्या अंगावर मांस चढलं. वावडिंग द्यायचं तर दे पण डॉक्टरच्या गोळीला नाही म्हणू नकोस, हे मी भाऊ बघून सांगते. आणि सासूबाईंना सांग गोड खाऊन जंत होत नाहीत, आम्हाला कुठे मिळत होतं गोड, तरी व्हायचेच.

बालरोग_उपनगर
मी बालरोगतज्ज्ञ आहे, पश्चिम उपनगरात प्रॅक्टिस करते. वरती काकांनी इतकं नेमकं लिहिलंय की मला त्यात फारसं काही घालायचं नाही, पण काही गोष्टी स्पष्ट सांगते.

खोकला अळ्यांचाच होता का, हे आज छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. वेळ जुळते, इओसिनोफिल जुळतात, एक्सरे जुळतो, त्यामुळे शक्यता चांगलीच आहे. पण त्या वयात व्हायरल खोकला आणि खरा बालदमाही असतो. म्हणून पंप किंवा नेब्युलायझर सुरू ठेवायचा की नाही ते तुमच्या डॉक्टरांना ही सगळी हकीगत सांगून ठरवा, मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी खोकला आला तर तो परत तसाच येतो का, तेही बघायला लागेल.

फेब्रुवारीच्या गोळीबद्दल. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे, वर्षातून दोनदा, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीत आणि शाळेत. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी चुरून पाण्यातून, मोठ्यांना पूर्ण. पण ही गोळी म्हणजे लस नाही. त्या दिवशी आतड्यात जे जंत आहेत ते तिने मरतात आणि एक-दोन दिवसांत औषध शरीरातून निघून जातं. मेमध्ये नवीन अंडी पोटात गेली तर फेब्रुवारीच्या गोळीचा त्यावर काही उपयोग नाही, म्हणूनच ती वर्षातून दोनदा देतात. अजून एक, फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्यांवर त्या एका गोळीचा भरवसा नसतो, ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे. आत्ता एखादी अळी वाटेत असेल तर ती सुटली असेल, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा स्टूल तपासा. ताप असताना ऑगस्टची गोळी दिली नाही तेही बरोबरच, आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत. आणि तापात जंत अस्वस्थ होतात, जागा सोडतात, म्हणून तुमचा तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि शबानाताईंचा बहुधा उलटीतून.

घरातल्यांचं असं की गोल जंत एकमेकांना शिवून लागत नाही. शीतून ताजं पडलेलं अंडं लगेच काही करू शकत नाही, त्याला ओल्या, सावलीतल्या मातीत दोन ते चार आठवडे पडून राहावं लागतं, तेव्हा कुठे आत अळी तयार होते. म्हणजे वर्गात शेजारी बसून काही होत नाही, त्या बाईंचं चुकलंच. पण एकाच अंगणात खेळलेली, एकाच घरातली कच्ची कोथिंबीर खाल्लेली माणसं एकाच वेळी बाधित असू शकतात, म्हणून मी सहसा घरातल्या सगळ्यांना एकेक डोस देते. तुमच्या जावेला मात्र आत्ता नको. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात, तिने तिच्या गायनॅकला विचारावं.

भाजीबद्दल लिहितेच, कारण ओपीडीत रोज हा गैरसमज दिसतो. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून अंडी मरत नाहीत, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही मरत नाहीत, सीताफळाची ती साल फार चिवट असते. वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुतलं की ती निघून जातात, आणि शिजवलं की मरतात. रुळाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पालक नीट शिजवला तर भीती नाही, पण तीच मेथी किंवा मुळ्याचा पाला कच्चा कोशिंबिरीत घालू नका. बाकी गाजर, काकडी सोलून, नखं कापलेली, संडासनंतर आणि जेवणाआधी साबण. एवढंच आहे.

एक गोष्ट सगळ्या आयांनी लक्षात ठेवा. जंत असलेल्या मुलाचं पोट एकदम फुगलं, कळा येऊन बेंबीभोवती खूप दुखतंय, उलट्या, त्याही हिरव्या, आणि शी किंवा गॅस सुटत नाहीये, तर जंतांचा गोळा होऊन आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा एरंडेल नाही, जंताची गोळी नाही, सकाळची वाट नाही, रिक्षा करून सरळ हॉस्पिटलला. आजी, तुमच्या एरंडेलाचा मान ठेवून सांगते, अशा वेळी त्याने जीवावर बेतू शकतं.

चेंबूरचा_नवाबाप
माझ्या मुलीला रात्री खाली खूप खाजतं आणि शीत पांढरे दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले, नखाएवढे, ते पण हेच का? तिला पण खोकला आहे म्हणून घाबरलोय.

निवृत्त_लॅबवाला
नाही, ते वेगळे. ते दोऱ्यासारखे बारीक कृमी, सेंटिमीटरभर असतात, रात्री मादी गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते म्हणून खाज. त्याच्या अळ्या फुप्फुसात जात नाहीत, त्यामुळे खोकल्याचं कारण दुसरं शोधा. पण ते मात्र एकमेकांना लागतात, चादरीतून, नखातून, त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी परत.

याच ओघात एक सांगून टाकतो, हे मला आजही सतावतं. गोल जंताच्या रुग्णाच्या काचेवर अंडी दिसतात. पण क्वचित एखाद्या काचेवर अंडी नसतात, जिवंत अळी वळवळताना दिसते. तो स्ट्राँगिलॉइड्स नावाचा दुसराच जंत. तो अनवाणी पायातून शिरतो, त्याची अळी पण फुप्फुसातून फिरून आतड्यात येते, पण तो तिथेच आतल्या आत पुन्हा पुन्हा बाधा करत राहतो, त्यामुळे माणसात वर्षानुवर्षं गुपचूप टिकतो. आणि त्या माणसाला दम्यासाठी किंवा कशासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या की अळ्या अनावर वाढून अंगभर पसरतात, माणूस जातोसुद्धा. एका म्हाताऱ्या माळीकाकांची काच माझ्या हातात आली होती, मी डॉक्टरांना जिन्यावरून हाक मारून बोलावलं होतं. ज्यांनी आयुष्य मातीत अनवाणी घालवलंय आणि रक्तात इओसिनोफिल सतत वाढलेले आहेत, त्यांनी स्टिरॉइड सुरू करायच्या आधी डॉक्टरांना हे जरूर सांगावं. त्याचं औषध पण वेगळं, आयव्हरमेक्टिन.

भांडुपची_आई
काका, डॉक्टर, शबानाताई, आजी, सगळ्यांचे मनापासून आभार. खूप दिवसांनी काल शांत झोपले. जावेला सांगितलं, ती गायनॅकला विचारणार आहे, बाकी आम्ही सगळ्यांनी गोळी घेतली.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, मला स्वतःलाच काल कळली. लेकीला सहज विचारलं की गावाला तुम्ही कुठे खेळायचात गं, तर म्हणाली केळींच्या खाली भातुकली. ओल्या मातीचा भात, केळीच्या पानाचे तुकडे करून ताटं, आणि माती चिमटीत धरून ओठाला लावून खाल्ल्यासारखं करायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं वा काय मस्त झालाय. ते तिने मला करून पण दाखवलं. मी लगेच सासऱ्यांना फोन लावला, तर ते म्हणाले संडासचा खड्डा मार्चमध्ये उपसला होता, तो गाळ केळीच्याच बुंध्याशी घातला, केळी काय जोमात आलीत म्हणून सांगत होते बिचारे. मी त्यांना नीट समजावलं, काही दोष न देता. ते बराच वेळ गप्पच झाले, मग म्हणाले उद्या ती जागा कुंपण घालून बंद करतो.

त्या केळीखाली माझी एकटीच नव्हती, पाच पोरं होती. म्हणून सगळ्यांच्या आयांना फोन केले. नणंद ठाण्याला असते, तिच्या मुलाला पण जूनच्या सुरुवातीला नेब्युलायझर लागला होता, दहा दिवस, आणि तिनेही मला तेव्हा सांगितलं नव्हतं की पोराची अ‍ॅलर्जी वाढलीय. तो चार वर्षांचा आहे, पोट दुखतं म्हणतो मधूनमधून. सोमवारी त्याची स्टूल द्यायची आहे. काका, सॅम्पल कसं न्यायचं ते सांगाल का?

निवृत्त_लॅबवाला
कोरड्या स्वच्छ डबीत, बोराएवढं पुरतं, लघवी किंवा फ्लशचं पाणी मिसळू देऊ नका. एका दिवसात मिळालं नाही तर सोडून देऊ नका, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. फॉर्मवर डॉक्टरांकडून ओव्हा अँड सिस्ट (म्हणजे जंतांची अंडी वगैरे शोधायची तपासणी) असं लिहून घ्या आणि लॅबमधल्या माणसाला सांगा की याच्या मामेबहिणीला गोल जंत पडलाय, म्हणजे तो काच जरा जास्त वेळ बघेल. आणि बाकीच्या तीन पोरांचंही कळवा.